नि.

अशी कल्पना करा की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. डोळे मिटले तरी चालतील, पण मिटायलाच हवेत असं नाही. आज शाळेला सुट्टी आहे, आई दवाखान्यात कामावर गेली आहे, म्हणून वडिलांनी तुम्हाला बरोबर घेतलं आहे. तुमच्या काखेत चित्रांच्या कागदांची सुरळी आहे, पाठीवरच्या दप्तरात कंपासपेटी खुळखुळते आहे. एका हाताने तुम्ही वडिलांचं बोट धरलं आहे, नऊ वर्षांचं मूल धरतं तसं, म्हणजे धरलंय, पण ओळखीचं कोणी दिसलं तर सोडायची तयारी ठेवून. दगडी कचेरीच्या पायऱ्या तुम्ही मोजत चढता आहात. सात, आठ, नऊ. दहाव्या पायरीवर एक म्हातारी उभी आहे. ती वडिलांना विचारते, "नकाशा तूच काढलास ना?" वडील म्हणतात, "कोणता?" आणि म्हातारी त्यांच्या कानाखाली अशी सणसणीत लगावते की कठड्यावरची कबुतरं उडतात. अशा वेळी तुम्ही काय कराल? घाईने उत्तर देऊ नका. या गोष्टीतल्या मुलीने त्या क्षणी काहीच केलं नाही, बोट तेवढं घट्ट धरलं. पुढे तिने जे केलं ते सांगायचं तर आधी तिच्या वडिलांच्या डोक्यात शिरावं लागेल, कारण तिथे पोचायला दुसरी वाट नाही.

त्यांच्या डोक्यात त्या वेळी फक्त शीळ वाजत होती. डाव्या कानात, बारीक आणि सलग, कुणी काचेवरून नख ओढत असावं तशी. गाल पेटला होता. दुखण्यापेक्षा त्यांना आश्चर्य जास्त वाटलं होतं, की म्हाताऱ्या माणसाचा तळवा इतका कठीण असतो, आणि इतका मोठा. हा तळवा त्यांनी आधी पाहिला होता. कुठे, ते त्यांना लगेच आठवलं, आणि आठवलं म्हणून त्यांनी चटकन खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. दारावरच्या शिपायाने धावत येऊन म्हातारीचा दंड पिरगाळला. ती मागे मागे फरपटत जाताना मोठ्यांदा म्हणाली, "इथली जमीन जागी आहे ना? मग इथे मी ओरडणार. लेका, तुला काय वाटलं, आम्हाला आवाजच नाही?" जमलेल्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही. कुणीतरी हसलं. "सोडा त्यांना," ते शिपायाला म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा ऐकू आला. ते दयेपोटी बोलले नव्हते. शिपायाने उद्या विचारलं असतं, तिने का मारलं, तर उत्तर द्यावं लागलं असतं.

कचेरीत त्यांना सगळे काटकोन म्हणत. पंचवीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढून पाठ इतकी ताठ झाली होती की स्टुलावर बसले की मांड्या आणि पाठ यांत बरोबर नव्वद अंश. मोजणीदार रानोमाळ हिंडून आकडे आणि खुणा एका वहीत लिहून आणायचे, आणि काटकोन त्या वहीवरून आधी पातळ पारदर्शक कागदावर पेन्सिलीने कच्चा नकाशा काढायचे, मग शाईने पक्का. जिथे शेत तिथे बारीक आडव्या रेघा, जिथे रान तिथे छोटी छोटी झाडं, घरं तिथे चौकोन, पाणी निळं, आणि जिथे काहीच नाही, जिचा कुणाला उपयोग नाही अशी पडीक जमीन, तिथे ठिपके. विरळ, सारख्या अंतराचे ठिपके. पाच खुणा, सहावी नाही. कच्चे कागद काम झाल्यावर फाडून टाकायचे असत, पण ते घरी आणायचे, मुलगी त्यांच्या मागच्या बाजूला चित्रं काढायची. मुलीच्या हनुवटीवर जन्मापासून एक तीळ होता, म्हणून तिला ते ठिपका म्हणत. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत म्हणत. मग एक दिवस बाळ म्हणायला लागले. तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, तू मला ठिपका का नाही म्हणत आता?" ते म्हणाले, "मोठी झालीस." ती म्हणाली, "मोठी झाले तर बाळ कसं म्हणतोस?" त्यावर ते हसले होते. हसण्याने बरंच काही निभावून नेता येतं.

आत लांब बोळ होता, दोन्ही भिंतींना बाकं. सुनावणी अकराला होती आणि आत्ता साडेदहा. ते मुलीला घेऊन एका बाकावर बसले. खांद्याला अडकवलेलं पत्र्याचं नळकांडं त्यांनी मांडीवर आडवं घेतलं. या नळकांड्यात ते पंचवीस वर्षं नकाशे नेत होते, पण आज त्यात एकच कागद होता. सकाळी मुलगी न्हाणीघरात असताना त्यांनी तो तिच्या सुरळीतून काढला होता. कागदाच्या एका बाजूला तिने काढलेला तपकिरी घोडा होता, पाच पायांचा, कारण एक पाय चुकला आणि खोडरबर सापडेना. दुसऱ्या बाजूला एक कच्चा नकाशा होता, आणि त्याच्या समासात मेलेल्या माणसाच्या अक्षरात एक ओळ. वाटेत कालव्याच्या पुलावर ते थांबले होते. नळकांड्याचं झाकण त्यांनी अर्धं फिरवलंही होतं. वर घोडा, खाली पाणी, दोन मिनिटांत लगदा. पण मुलीने कठड्यावरून वाकून पाण्यात काय पाहतोस म्हणून विचारलं, आणि त्यांनी झाकण परत घट्ट केलं. नंतर टाकू, कचेरीच्या मागे केर जाळतात तिथे टाकू, असं ठरवून ते पायऱ्या चढले, आणि दहाव्या पायरीवर ती उभी होती.

"तिने तुला का मारलं?" मुलीने विचारलं. कुजबुजत नाही, चांगल्या खणखणीत आवाजात. "तिचा काहीतरी गैरसमज झाला." "मग तू तिला सांगितलं का नाहीस?" "बाळ, चित्र काढ." तिने सुरळी उलगडली. एकेक कागद बाजूला ठेवत गेली, घर, सूर्य, दवाखान्याच्या कपड्यांतली आई, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. "बाबा, घोडा नाहीये." "घरी राहिला असेल." "नाही राहिला. मी काल घातला होता." "मग घरीच असेल." तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या सुजत चाललेल्या गालाकडे नाही, डोळ्यांकडे. कानातली शीळ तेवढ्यापुरती थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

घोड्याच्या मागच्या बाजूचा नकाशा त्यांच्या मनात इतका स्वच्छ होता की डोळे मिटून त्यांनी तो पुन्हा काढला असता. उत्तरेचा डोंगर, त्याच्या कुशीतली वस्ती, अकरा घरं, खालचा झरा, आणि झऱ्याच्या वर मोठा अनियमित तुकडा. वहीत त्या तुकड्यात मोजणीदाराने एकच अक्षर लिहिलं होतं. नि. पुढे टिंब. "हे निकामी का?" त्यांनी विचारलं होतं. मोजणीदार खिडकीत बसून पायातले काटे चिमट्याने उपटत होता. तीन आठवडे डोंगरात राहून आला होता, वाळून काटकी झाला होता, पण तोंड बंद होईना. "निकामी? अरे, निजलेली. ते लोक दोन वर्षं एक तुकडा कसतात, मग नऊ वर्षं निजू देतात. नऊ वर्षं, काटकोन. तुला रविवारी नऊपर्यंत निजू देत नाही बायको. तेवढ्या काळात तिथे कोणी पातं लावत नाही, गुरं सोडत नाही, फांदी तोडत नाही. उन्हाळ्यात सगळी वस्ती मिळून तिच्या कडेचा पाचोळा झाडून काढते, वणवा शिरू नये म्हणून. ती निजते म्हणून खालचा झरा वाहतो, असं म्हणतात. आणि तिच्या जवळून जाताना कुणी मोठ्याने बोलत नाही. कुजबुज फक्त. लहान पोरंसुद्धा. एखाद्याला शिंक आली तर नाक दाबून हद्दीबाहेर पळतो आणि तिकडे जाऊन शिंकतो. मी तीन आठवडे शिंकलो नाही. बघ, कचेरीत आल्यापासून थांबत नाहीये." आणि खरोखरच तो शिंकला होता. मग त्याने काटकोनांच्या हातातली पेन्सिल घेऊन कच्च्या नकाशाच्या समासात स्वतः लिहिलं, 'नि. म्हणजे निजलेली. नऊपैकी सातवं वर्ष. वस्तीचीच जमीन, सोडलेली नाही,' आणि खाली सही केली, तारीख घातली. त्याला प्रत्येक गोष्टीखाली सही करायची खोड होती.

मग साहेब. साहेब वाईट माणूस नव्हता, हेच तर अवघड होतं. मुलीला गोवर झाला तेव्हा त्याने गाडी पाठवली होती. तो टेबलावर वाकून म्हणाला, "निजलेली? अरे, आपल्याकडे पाच खुणा आहेत. झोपेची खूण कुठली काढणार? उशी?" सगळे हसले, काटकोनही हसले. "नि. म्हणजे निकामी. निकामी म्हणजे पडीक. ठिपके टाक आणि मोकळा हो. खाणवाले डोक्यावर बसलेत." दुपारभर ते ठिपके टाकत बसले. टक, टक, टक. ठिपका टाकताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर शाई पसरते. संध्याकाळी मनगट दुखत होतं आणि नकाशा फार देखणा झाला होता. आपण खोटं काही लिहिलं नाही, असं त्यांना वाटलं. लिहिलं काहीच नव्हतं. नुसते ठिपके. मोजणीदाराला दुसरीकडे धाडण्यात आलं आणि गेल्या वर्षी तो काविळीने गेला. त्याला पोचवायला गेलेल्या पाच जणांत काटकोन होते. आता नि. म्हणजे काय हे खरं सांगेल असा दुसरा माणूस जगात नव्हता. काल साहेब त्यांच्या स्टुलापाशी येऊन उभा राहिला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या एकच शब्द बोलायचाय. निकामी. पंचवीस वर्षं झाली तुझी, राहायच्या खोल्या खात्याच्या, पोर शाळेत. एका शब्दासाठी माणसाने रस्त्यावर यायचं नसतं." हात उचलल्यावरही त्या हाताचं वजन खांद्यावर राहिलं होतं. सकाळी बायको केसांत पिना खोचता खोचता म्हणाली होती, "आज तिला तुमच्याबरोबरच न्यावं लागेल. तिच्यासमोर बोलता येईल असंच बोला." तिला कागदाचं काही ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटत होतं. बायकांच्या बाबतीत असं वाटणं फारसं भरवशाचं नसतं.

"आजी, तुमचा हात दुखतो का?" मुलगी कधी उठून समोरच्या बाकापाशी गेली ते त्यांना कळलं नव्हतं. म्हातारी दंड चोळत बसली होती. शिपायाच्या बोटांचे वळ उठले होते. म्हातारीने मुलीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "त्याची तू?" "हो." "तुझ्या बापाला मारलं म्हणून राग आला?" मुलीने विचार केला. "आला. पण त्याने काहीतरी केलं असेल." उजवा कान शाबूत होता, त्यात हे सगळं स्वच्छ आलं, आणि थपडेपेक्षा खोल लागलं. म्हातारीने दंड चोळणं थांबवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे जमीन निजते, पोरी. ती निजली की आम्ही बोलत नाही." "का?" "तू निजलीस आणि तुझ्या उशाशी कुणी भांडलं तर?" "मी उठेन." "उठशील. आणि दिवसभर किरकिर करशील. तसंच." मुलीला ते ताबडतोब पटलं. जमीन किरकिर करते यात तिला नवल वाटलं नाही. "मग आता ती उठली का?" म्हातारीने आपला तळवा उताणा मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "तिला उठवलं," ती म्हणाली.

तो तळवा. त्यांनी डोळे मिटले आणि तो दिवस आला. तो कधी टप्प्याटप्प्याने येत नसे, सगळा एकदम येई, दार ढकलून आलेल्या माणसासारखा. नकाशावरची हद्द जमिनीवर दाखवायला कोणीतरी हवं म्हणून त्यांना साहेबाबरोबर जीपमध्ये घालून नेलं होतं. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, दोन खोदयंत्रं आणि साठ-सत्तर शिपाई. आणि ठिपक्यांच्या जागी त्यांना झाडं दिसली. आठ वर्षं निजलेली जमीन, पुरुषभर उंच दाट हिरवी, पक्ष्यांनी भरलेली. तिच्या कडेने पाचोळा झाडून काढलेला स्वच्छ पट्टा होता, अंगण झाडावं तसा, आणि त्या पट्ट्यावर वस्तीतली माणसं हातात हात गुंफून बसली होती. बायका, म्हातारे, पोरं. अधिकाऱ्याने भोंग्यातून उठायला सांगितलं. कोणी उठलं नाही, कोणी बोललंही नाही. मग काठ्या सुरू झाल्या. काठी पाठीवर पडते त्याचा आवाज गादी झोडपल्यासारखा असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. धप्, धप्, धप्. आणि दुसरा आवाजच नव्हता. किंचाळी नाही, शिवी नाही, आई गं नाही. एका बाईने स्वतःच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे डोळे बाहेर येत होते. एका माणसाचा हात काठीखाली मोडला, जाड पेन्सिल मोडावी तसा ऐकू आला, आणि त्याने फक्त ओठ हलवले. एक लहान पोर रडायला लागलं तर त्याच्या बहिणीने त्याला उचललं आणि रक्ताळलेल्या पायांनी हद्दीबाहेर धावत सुटली, शिंक आल्यासारखी. शिपाई आधी बिचकले. मार खाऊन गप्प बसणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. मग त्या गप्प बसण्याचाच त्यांना राग आला, आणि ते जास्त जोरात मारू लागले, तोंडातून आवाज काढायलाच मारू लागले. काटकोनांना एकट्याला ठाऊक होतं ते का ओरडत नाहीत. ते जीपला टेकून उभे होते, छातीशी नकाशा धरून, आणि त्यांच्याही तोंडातून आवाज फुटला नाही. त्यांच्याजवळ तर न ओरडायला कारणही नव्हतं.

एक तरणा माणूस मिठीत झाड धरून उभा होता. खोदयंत्राचा चालक पुन्हा पुन्हा खिडकीतून विचारत होता, "हा हलत का नाही? साहेब, हा हलत नाही." कुणीतरी हात केला. यंत्राचा दातेरी पंजा वरून आला, झाड आणि माणूस एकदम आडवे झाले, आणि पंजा परत उचलला गेला तेव्हा झाड कुठलं आणि माणूस कुठला ते क्षणभर ओळखू आलं नाही. मग त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. आता ओरडणार, आता तरी ओरडणार, असं त्यांना वाटलं. त्यांना तो ओरडायला हवा होता. त्यांच्या छातीतच ती आरोळी येऊन अडकली होती. तेवढ्यात त्याची आई रांगत आली आणि तिने त्याच्या तोंडावर तळवा दाबून धरला. मोठा, कठीण तळवा. रक्त तिच्या बोटांतून येत राहिलं, आवाज आला नाही. तिने त्याच्या कानाला ओठ लावले आणि काहीतरी कुजबुजत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात साहेबाने विचारलं, "काटकोन, हद्द बरोबर आहे ना?" आणि ते म्हणाले, "बरोबर." अहवालात दुसऱ्या दिवशी लिहिलं गेलं की कारवाई शांततेत पार पडली, कोणीही हरकत घेतली नाही, दगावलेला इसम झाड अंगावर पडल्याने दगावला. महिन्याभरात झरा लाल झाला. कारवाई झाली त्या आठवड्यात ते एकदा घरी आले तेव्हा मुलगी एका कच्च्या कागदावर घोडा काढत बसली होती. त्यांनी कागद ओळखला. हिसकावून घ्यायला हात पुढे केला आणि तसाच आखडला. घोडा पुरा होऊ दे, मग बघू. दोन वर्षं ते मग बघू चाललं होतं.

पुकारा झाला. खोली लहान होती, मधे मोठं टेबल, टेबलापलीकडे सुनावणी घेणाऱ्या बाई, जाड चष्म्याच्या, सर्दी झालेल्या. खाणवाल्यांचा वकील, साहेब, दारात तोच शिपाई, एका बाजूला म्हातारी आणि तिच्यामागे वस्तीतली तीन माणसं. मुलीला बाहेर एकटं ठेवता येईना म्हणून बाईंनी तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं. खाणीचा दुसरा टप्पा आज ठरणार होता. डोंगराच्या अंगावर अशा निजलेल्या जमिनी आणखी सात होत्या, सातही नकाशांवर ठिपके होते, आणि उद्यापासून यंत्रं तिकडे वळणार होती. हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

वकिलाने अहवाल वाचला. शांततेत, हरकत नाही. मग म्हातारीकडे वळला. "जमीन तुमची होती तर तुम्ही आरडाओरडा का नाही केला? मुलगा समोर पडला आणि आईच्या तोंडून हूं की चूं नाही? माणसाला आपलं जातंय असं वाटलं की तो ओरडतो, बाई." "ती निजली होती," म्हातारी म्हणाली. "कोण?" "जमीन." वकील हसला. साहेबही हसला, थोडंसं, वहिवाटीने. बाईंनी नाक पुसलं, मोजणीदाराची वही ओढली, त्या एका अक्षरावर बोट ठेवलं आणि काटकोनांना विचारलं, "नकाशा तुम्ही काढलात. नि. म्हणजे काय?"

डाव्या कानात शीळ होती, त्यामुळे प्रश्न त्यांना कुजबुजल्यासारखा आला. निकामी. तीन अक्षरं. जिभेवर तयार होती, काल संध्याकाळपासून घोळवून गुळगुळीत झालेली. त्यांनी तोंड उघडलं. साहेब मान डोलावत होता, नि नंतरचं अक्षर यायच्या आधीच. आणि त्यांना एकाएकी जाणवलं की आपल्या तोंडावर तळवा आहे. त्यांचा स्वतःचाच. त्यांनी नकळत तोंड झाकून घेतलं होतं, घाम आलेल्या बोटांनी, आणि बोटांच्या फटीतून त्यांना कोपऱ्यातली मुलगी दिसत होती. ती वाट पाहत होती. घोड्याचीही, बहुतेक. त्यांनी हात खाली घेतला आणि नळकांड्याचं झाकण फिरवलं. ते गंजलं होतं, करकरलं.

"निजलेली," ते म्हणाले. "नि. म्हणजे निजलेली. वस्तीचीच. मला माहीत होतं. मी ठिपके टाकले." आवाज चिरका आला. "मोजणीदाराच्या हाताने लिहिलंय इथे, सहीसकट." पण कागद दोन वर्षं गुंडाळून राहिलेला होता. टेबलावर टाकला की गुर्रकन गुंडाळला जायचा. ते उलगडत, तो गुंडाळला जाई, एक टोक धरलं तर दुसरं सुटे. "डोकं फिरलंय याचं," साहेब म्हणाला आणि त्याने कागदाला हात घातला. काटकोन सोडेनात. कोपरा टर्रकन फाटला आणि साहेबाच्या मुठीत राहिला. शिपायाला वाटलं मारामारी झाली, त्याने मागून मानगूट धरून त्यांना टेबलावर आपटलं. नाकाचं हाड वाजलं, तोंडात खारट, गरम भरलं. आणि मग ते ओरडले. शब्द नव्हता तो. दोन वर्षं छातीत अडकलेली दुसऱ्या कुणाची तरी आरोळी होती, लांब, गुरासारखी, आणि ती संपेपर्यंत खोलीत कोणाचं काही चाललं नाही. बाई उभ्या राहिल्या होत्या. "सोड त्यांना," त्या शिपायाला म्हणाल्या, "आणि तू, साहेब, वकील, तिघंही टेबलापासून लांब व्हा." मग काटकोनांकडे वळल्या. "कागद दाखवा मला. कुठे काय लिहिलंय?" पण कागद पुन्हा गुंडाळून बसला होता आणि ते रक्ताने भरलेले हात त्याला लावायला धजत नव्हते. "ठिपके," त्यांनी मुलीला हाक मारली. दोन वर्षांनी म्हणाले. "ठिपके, हे."

मुलगी खुर्चीवरून उतरली. तिने पहिल्यांदा सुरळीच्या आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "घोडा इथे होता." बापाकडे एकदा बघितलं, एवढंच, त्याचा हिशोब घरी होणार होता. मग तिने वडिलांनी शिकवल्याप्रमाणे केलं, कारण गुंडाळलेला कागद जबरदस्तीने उघडत नसतो. घोडा खाली आणि नकाशा वर असा तो ठेवला, डाव्या हाताने हळू सारत नेला, आणि जसजसा उघडेल तसतशी कोपऱ्यांवर वजनं ठेवत गेली. पहिल्यावर बाईंचा काचेचा गोळा. दुसऱ्यावर शाईच्या शिक्क्याची डबी. तिसऱ्यावर दप्तरातली कंपासपेटी. चौथा कोपरा फाटलेला होता आणि ठेवण्यासारखं टेबलावर काही उरलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, म्हातारीचं मनगट धरलं, तिला उठवून टेबलापाशी आणलं, आणि तिचा तो मोठा, कठीण तळवा उचलून चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. "आजी, दाबून धरा," ती कुजबुजली, "आता वाचतील."